जुन्या वळणाचें पत्र आणि कागजीपुऱ्याचा कागद

दिवाळी जवळ आली, कीं छत्रपती संभाजीनगरांतील, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेंतील, सुशिक्षित घरांतून हल्लीं एक नवें दृश्य दिसूं लागलें आहे. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलें असतें. त्यावर कातरी, खळ, जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे, लेसच्या पट्ट्या, वहींत दाबून वाळविलेलीं फुलें-पानें आणि एका पसरट ताटांत कोरा चहा. घरांतील मुलगी, सून किंवा नोकरींतून मोकळी झालेली गृहिणी त्या चहांत कागद बुडवून काढते, दोरीवर वाळत घालते, मेणबत्तीच्या ज्योतीवर त्याच्या कडा किंचित् करपविते, आणि मग त्या पिंगट कागदाचें शुभेच्छापत्र तयार होतें. आजीच्या पेटींतून निघालें आहे असें तें दिसावें, हा या खटाटोपाचा हेतु. छापील पत्र बाजारांत मिळतें, आणि साधा निरोप तर क्षणांत पोंचतो. असें असतांना कोणी दोन संध्याकाळ खर्चून एका पत्राला हात लावतें, ही गोष्ट कौतुकाची आहे. तिची थट्टा करण्याचें कारण नाहीं.

प्रश्न एवढाच, कीं खरा जुना कागद असा दिसतो काय? पुण्याच्या पुराभिलेखागारांत, ज्याला लोक अजूनही पेशवे दप्तर म्हणतात, मोडी कागदांचे हजारों रुमाल बांधून ठेविलेले आहेत. त्यांतला दोनशें-अडीचशें वर्षांपूर्वींचा एखादा बंद उलगडून पाहावा. त्याचा रंग बहुधा सायीसारखा, फार तर फिकट बदामी असतो. शाई काळीभोर असते. घडी उघडतांना कागद कापडासारखा वळतो, तुटत नाहीं. त्याच्या शेजारीं १९०० च्या सुमाराचें एखादें स्वस्त छापील पुस्तक ठेवावें. त्याचीं पानें तपकिरी पडलेलीं असतात, आणि कोपरा चिमटींत धरला तर तो चिमटींतच राहतो. म्हणजे वयानें धाकटा असलेला कागद अधिक म्हातारा झालेला असतो! चहाच्या ताटांत हौशी हात जो रंग आणूं पाहतात, तो जुनेपणाचा रंग नव्हे. तो गिरणीच्या कागदाला जडलेल्या रोगाचा रंग आहे.

हा रोग कसा जडला तें थोडक्यांत सांगतां येतें. १७९९ सालीं फ्रान्समध्यें लुई-निकोला रोबेर यानें कागदाची अखंड पट्टी काढणाऱ्या यंत्राचें पेटंट मिळविलें. १८०७ सालीं जर्मनींत मोरिट्झ इलिग यानें राळ व तुरटी घालून, शाई फुटणार नाहीं असा कागद करण्याची रीति प्रसिद्ध केली. १८४४ च्या सुमारास केलर यानें लांकूड घासून त्याचा लगदा करण्याची युक्ति काढली. तिन्ही शोध मोठे. त्यांनीं कागद स्वस्त झाला, वर्तमानपत्रें घरोघर गेलीं, गरिबाच्या पोराच्या हातीं वही आली. त्यांना नांवें ठेवणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु तुरटीमुळें कागदांत आम्ल राहून जातें, आणि तें कागदाच्या तंतूंना आंतल्या आंत तोडीत राहतें. लांकडाच्या कच्च्या लगद्यांतील लिग्निन नांवाचें द्रव्य उजेड व हवा लागतांच पिवळें पडतें. चहांतील टॅनिन हेंही आम्लधर्मीच. तेव्हां चांगला कागद चहांत बुडविणें म्हणजे धडधाकट माणसाला कावीळ व्हावी म्हणून औषध देण्यासारखें आहे.

मग दोन शतकें टिकलेला तो सायीच्या रंगाचा कागद होई कोठें? महाराष्ट्रांत त्याचीं ठिकाणें थोडीं, पण नामांकित होतीं: जुन्नर, खानदेशांतील एरंडोल, वऱ्हाडांतील बाळापूर, पुण्याच्या कसबा पेठेंतील कागदीपुरा. आणि यांच्या बरोबरीनें, किंबहुना यांच्या आधीं, नांव घ्यावें लागतें तें दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचें. ज्या शहरांत आज चहाचीं ताटें मांडलीं जातात, त्या शहरापासून हें गांव अवघ्या वीस-एक किलोमीटरवर आहे. वेरूळला निघालेली सहल दौलताबादचा किल्ला मागें टाकून खुलताबादेच्या वाटेला लागते, ती या गांवावरूनच जाते. गाडींतलीं बहुतेक माणसें त्या वेळीं पुढच्या लेण्यांचा विचार करीत असतात.

१३२७ सालीं महंमद तुघलकानें आपली राजधानी दिल्लीहून देवगिरीस हलविली व तिचें नांव दौलताबाद ठेविलें. शाळेच्या पुस्तकांत हें स्थलांतर राजाच्या लहरीचा मासला म्हणून येतें, आणि कांहीं वर्षांतच तो बेत गुंडाळावा लागला हेंही खरें. पण राजधानी म्हणजे केवळ राजा आणि फौज नव्हे. तिच्याबरोबर मुनशी येतात, काजी येतात, हिशेबनीस येतात, आणि या सर्वांना रोज उठून कागद लागतो. या गरजेपायीं कागद करणारीं कुटुंबें उत्तरेकडून आलीं व किल्ल्यापलीकडे वसलीं, असें कागजीपुऱ्याची परंपरा सांगते. सुलतान परत गेला, कागजी राहिले. त्या फसलेल्या बेतांतून दक्षिणेच्या पदरांत जें कांहीं कायमचें पडलें, त्यांत कागदाची गणना करावी लागेल.

ही विद्या मुळांत चीनची. इ. स. १०५ सालीं त्साइ लुन या दरबारी अधिकाऱ्यानें झाडाच्या साली, चिंध्या व मासे धरण्याचीं जुनीं जाळीं यांपासून केलेला कागद सम्राटापुढें ठेविला, अशी नोंद आहे. आठव्या शतकांत ती समरकंदास पोंचली, तेथून बगदादेस, आणि पुढें मुसलमानी राजवटींबरोबर हिंदुस्थानांत पसरली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनीं १९४० च्या दशकांत या प्रवासाचे धागे मोठ्या चिकाटीनें जुळविले. पण त्याचा सर्वांत सोपा पुरावा रोजच्या मराठींतच पडलेला आहे. कागद हा शब्द फारसीवरून आला. चोवीस तावांचा दस्ता, म्हणजे हातांत मावेल तेवढा. कारण ‘दस्त’ म्हणजे हात. इंग्रजी वाटणारा रीमसुद्धां मूळचा अरबी ‘रिझ्मा’, म्हणजे गठ्ठा. तो स्पेनवरून फिरून विलायती पोषाखांत परत आला. दप्तर, दौत, लिफाफा, खलिता, रुमाल, हें सगळें कुटुंबच त्या वाटेनें आलेलें आहे.

मोडी लिपीचा आणि या कागदाचा संबंधही नजरेआड करण्यासारखा नाहीं. मोडीचें वैशिष्ट्य तिच्या धांवेंत आहे. आधीं आडवी रेघ ओढून घ्यावयाची आणि मग बोरू शक्य तों न उचलतां अक्षराला अक्षर जोडीत जावयाचें. खरबरीत पृष्ठावर बोरूचें टोंक अडखळतें, शाई तंतूंत शिरून फांटे फुटतात. ही लिपि धांवली ती घोटलेल्या गुळगुळीत कागदावरच. समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे, आणि तेथें लेखणीसाठीं देशोदेशींचे बोरू आणावे येथपर्यंत बारकावा आहे. सतराव्या शतकांतला तो समास वाचला म्हणजे त्या काळचा लेखक आपल्या साहित्याविषयीं किती चोखंदळ होता तें कळतें.

औरंगाबाद ही मोगलांच्या दक्षिणेंतील कारभाराची मुख्य जागा होती. त्या कारभाराचे सव्वा लाखाहून अधिक कागद इनायत जंग संग्रह या नांवानें आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत आहेत. सैनिकांच्या हजेऱ्या, घोड्यांचे दाखले, वसुलाचे हिशेब, असा तो पसारा आहे. दौलताबादी कागदाची कीर्ति पुण्याच्या दप्तरापर्यंत गेलेली होती, आणि मराठी अमदानींत जुन्नरी व दौलताबादी हीं दोन नांवें कागदाच्या प्रतीचीं खूणच बनलीं होतीं. या कागदाला गिऱ्हाईक शोधावें लागत नव्हतें. राज्यें बदलत, गिऱ्हाईक तेंच राही.

हा कागद होई कसा, हें सविस्तर सांगण्याजोगें आहे. कच्चा माल म्हणजे दुसऱ्यांनीं टाकून दिलेल्या वस्तु: ताग-अंबाडीचे जुने दोर, फाटकीं गोणपाटें, कुजकीं जाळीं, चिंध्या, पुढें पुढें रद्दी कागदही. त्यांचे बारीक तुकडे करून ते चुन्याच्या पाण्यांत भिजत घालीत. मग ढेंकीखालीं कुटणें. ढेंकी म्हणजे मध्यें टेकू दिलेला जाड लांकडी दांडा. एका टोंकावर पाय देऊन तो उचलावयाचा व सोडावयाचा, म्हणजे दुसऱ्या टोंकाचा जड ठोकळा खालच्या मालावर आदळतो. कुटलेला माल वाहत्या पाण्यांत धुवावयाचा, पुन्हा चुना लावावयाचा, पुन्हा कुटावयाचा. हा फेरा एकदां नव्हे, अनेकदां होई, आणि त्यांत दिवसचे दिवस जात. दोराचा पीळ सुटून त्याचा धागा न् धागा मोकळा व्हावा, पण तुटून आखूड होऊं नये, ही त्यांतली मेख. लांब तंतु एकमेकांत गुंतले तरच कागद कापडासारखा चिवट होतो. गिरणीच्या वेगाला हा धीर परवडत नाहीं.

मग हौदाची पाळी. जमिनींत बांधलेल्या हौदांत पाण्याबरोबर लगदा कालविलेला असे. कारागीर कांठाशीं बसून सांचा पाण्यांत बुडवी. सांचा म्हणजे लांकडी चौकट, आणि तिच्यावर गवताच्या सरळ काड्या घोड्याच्या केसांनीं विणून केलेली चटई. ती पाण्यांतून आडवी वर उचलतांना दोन्ही हातांनीं एक हलका झोला द्यावयाचा. पाणी गळून जाई आणि चटईवर लगद्याची साय तेवढी राही. ताव सर्वत्र सारखा जाड येणें हें त्या झोल्यावर अवलंबून, आणि तो झोला शिकविण्याचें कोणतेंही पुस्तक नाहीं. तो बापाच्या शेजारीं बसून मुलाच्या मनगटांत उतरत असे. ओल्या तावांची चळत दगडांनीं दाबून पाणी काढून टाकीत. नंतर एकेक ताव सोडवून, कुंच्यानें थापटून, चुनेगच्ची भिंतीवर वाळण्यासाठीं चिकटवीत. वाळल्यावर तांदुळाच्या पातळ पेजेची खळ दोन्ही बाजूंनीं देत, आणि शेवटीं गुळगुळीत फळीवर ठेवून दगडानें तो घोटीत. घोटतां घोटतां कागदाला रेशमासारखी झांक चढे.

या कृतींतच त्याच्या दीर्घायुष्याचें कारण आहे. पुनःपुन्हा दिलेल्या चुन्याचा अंश कागदांत मुरून राहतो, आणि हवेंतून येणाऱ्या आम्लाला तो परस्पर मारून टाकतो. राळ-तुरटीच्या ठिकाणीं येथें तांदुळाची खळ. शाईही काजळाची, बाभळीच्या डिंकांत घोटलेली. काजळ उडत नाहीं, विटत नाहीं. या कागदाचा शत्रु निराळा. खळीच्या गोडीनें कसर लागते, वाळवी तर रुमालच्या रुमाल फस्त करते. म्हणून जुनीं माणसें दप्तरांत वेखंड व कडुलिंबाचा पाला ठेवीत. हस्तलिखितांत चूक झाली तर तिच्यावर पिवळी हरताळ फांसून अक्षर झांकीत, आणि एखाद्या गोष्टीवर हरताळ फांसणें हा मराठींतला वाक्प्रचार तेथूनच आला. पिवळेपणाचा जुन्या कागदाशीं संबंध असलाच तर एवढा: तो चुकीवर लावण्याचा रंग होता!

श्रोत्यांपैकीं कोणाच्या घरीं पणजोबांच्या वेळचें एखादें खतपत्र असेल, तर तें हलक्या हातानें उजेडासमोर धरून पाहावें. तावाच्या आंत बारीक समांतर रेघा दिसतील. त्या चटईच्या काड्यांच्या. मधून मधून आडवी रेघ जाते, ती घोड्याच्या केसाच्या विणीची. सांच्यावर हातानें काढलेल्या त्या कागदाची ही जन्मखूण आहे, आणि ती चहानें उमटत नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत या गांवाचे दिवस पालटले. १८१८ सालीं पेशवाई संपली. कचेऱ्यांतून विलायती कागद आला. १८७० नंतर बंगालमध्यें बाली, टिटागड येथें गिरण्या निघाल्या. छापखान्याला सपाट, स्वस्त व भरपूर कागद हवा होता. घोटलेल्या तावाची त्याला किंमत नव्हती. १८८४ च्या औरंगाबाद जिल्ह्याच्या गॅझेटियरांत कागजीपुऱ्याच्या कागदाची नोंद आहे, पण तोंवर बाजार हातचा जाऊं लागला होता. सर्वांत शेवटपर्यंत टिकला तो वहीखात्याचा व्यापारी. ज्याचें देणेंघेणें दोन पिढ्या चालावयाचें, तो कागदाची पारख सहज सोडीत नाहीं.

पुन्हां या धंद्याकडे देशाचें लक्ष गेलें तें १९३४ नंतर. त्या वर्षाच्या अखेरीस महात्मा गांधींनीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापिला, वर्ध्याच्या मगनवाडींत त्याचें ठाणें झालें, जे. सी. कुमारप्पा चिटणीस झाले, आणि तेलघाणी, गूळ, मधमाशा यांच्या पंक्तींत हातकागदही आला. १९३७ सालीं अमेरिकेचे डार्ड हंटर हे गृहस्थ केवळ हातकागद पाहण्यासाठीं हिंदुस्थानांत फिरले, आणि १९३९ सालीं त्यांनीं त्यावर ग्रंथ काढला. के. बी. जोशी यांनीं वर्ध्यास या विषयावर प्रयोग केले, पुस्तक लिहिलें, आणि १९४० सालीं पुण्यांत हातकागद संस्था सुरू झाली. कागजीपुरा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतें. १९४८ सालीं तें भारतांत आलें आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. हातकागदाला सरकारी आश्रय मिळाला हें खरें, पण आश्रयावर कारखाना चालतो, परंपरा चालतेच असें नाहीं. कचेरीनें सनदेसाठीं चार ताव घेतले म्हणून गांवाचीं चुलीं पेटत नाहींत.

तीं चुलीं पुढें पेटलीं असतील तर शुभेच्छापत्रावर. ही प्रथा तशी आपली नव्हे. लंडनमध्यें १८४३ सालीं हेन्री कोल यांनीं जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचें पत्र काढवून छापविलें, तेथून तिचा आरंभ धरतात. हिंदुस्थानांत १८७९ सालीं पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें. आपल्याकडे पुण्याच्या चित्रशाळेनें १८७८ पासून आणि मुंबईंत रविवर्म्याच्या छापखान्यानें १८९४ पासून रंगीत चित्रें घराघरांत पोंचविलीं, आणि हळूहळू दिवाळीच्या शुभेच्छाही चित्रासह टपालानें जाऊं लागल्या. मराठी माणसानें हें उसनें वळण इतकें आपलेंसें केलें, कीं आज जुन्या थाटाचें पत्र करावयाचें म्हटलें तर त्याच्या डोळ्यांपुढें विलायती लेस, गुलाबाचा गुच्छ आणि कोरलेला किल्लीचा आंकडाच येतो. जुनें म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या वेळचें, असा जणुं ठराव झाला आहे.

आपल्या घरचें जुनें पत्र त्याहून निराळें व अधिक देखणें होतें. ताव उभा दुमडून डावीकडे रुंद समास सोडीत, आणि त्या कोऱ्या जागेंतच पत्राचा अर्धा डौल असे. शिरोभागीं श्रीकार, त्याखालीं मोकळी जागा. मजकूर लांबला तर खालीं दुसरा बंद डकवीत, आणि मधला तुकडा कोणी बदलूं नये म्हणून जोडावर शिक्का उठवीत. शेवटीं लेखनसीमा झाली म्हणून लहान मोहोर. पत्राची घडी घालून लाखेनें बंद केली कीं तो लाखोटा. राजेरजवाड्यांचें पत्र असेल तर जरीच्या थैलींतला खलिता, आणि आंतला कागद सोन्याच्या वर्खाचे कण शिंपडलेला. शाई वाळविण्यास बारीक वाळू टाकीत, आणि तिचा एखादा कण दोनशें वर्षांनीं घडींतून अजून खालीं पडतो.

रंगाची हौस असेल तर अबरी आहे. जुन्या चोपड्यांच्या पुठ्ठ्यांवर ढगांसारख्या लहरींचा जो कागद असे, तोच. ‘अब्र’ म्हणजे फारसींत ढग. चिकट द्रव्यानें दाट केलेल्या पाण्यावर रंगांचे थेंब सोडावयाचे, काडीनें वा फणीनें ते फिरवावयाचे, आणि वर कागद अलगद टेकवून उचलावयाचा. ही कला सतराव्या शतकांत दख्खनमध्यें फार उंचीला गेली होती. अबरींत हाडकुळा घोडा काढलेलें, विजापूरचें मानलें जाणारें एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आहे. ज्यांच्या घरीं लहान मुलें आहेत, त्यांना यासारखा दुसरा सुटीचा उद्योग सांपडणार नाहीं; कपडे मात्र जुने घालावे.

घोटाईही घरीं करतां येते. बिनखळीचा हातकागद घ्यावा, तांदुळाची पातळ पेज गाळून मऊ फडक्यानें दोन्ही बाजूंस सारखी लावावी, सावलींत वाळवावा, आणि गुळगुळीत फळीवर ठेवून एखाद्या झिलईदार गोट्यानें किंवा मोठ्या कवडीनें सावकाश घोटावा. पहिल्या तावाला सुरकुत्या पडतील, दुसऱ्याला कमी पडतील. नंतर त्यावर बोरू फिरवून पाहावा. हल्लींच्या कारखान्यांतून ही घोटाई बहुधा होत नाहीं. ताव रुळांतून दाबून काढतात, कुटण्याचें कामही यंत्राकडे गेलें आहे, आणि कच्चा माल म्हणजे शिंप्यांच्या व कापडगिरण्यांच्या सुती चिंध्या. हातानें केलेला म्हणून प्रत्येक कागद टिकाऊच, असा समज मात्र करून घेऊं नये. कांहीं ठिकाणीं हातकागदालाही राळ-तुरटी देतात. विकत घेतांना सुती चिंध्यांचा व आम्लरहित आहे काय, एवढें विचारून घ्यावें.

कागजीपुऱ्यांत एकेकाळीं गांवभर चाललेला हा उद्योग आतां अगदीं मोजक्या हातांत उरला आहे. त्या हातांतून आज जें निघतें, त्यांत सनदा नाहींत, हिशेबाचे बंद नाहींत; शुभेच्छापत्रें, लिफाफे, लग्नपत्रिका, फाइली, पिशव्या आहेत, आणि पाकळ्या घालून केलेले शोभेचे ताव आहेत. म्हणजे तुघलकाच्या मुनशानें जें गिऱ्हाईक म्हणून सुरू केलें, तें आतां दिवाळीच्या पत्राच्या हौसेवर येऊन टेकलें आहे. शहरांतील हौशी माणसानें दुकानांत जाऊन ‘जुन्या दिसणाऱ्या’ गिरणीच्या कागदाचें पाकीट घेतलें, तर त्याचे कांहींच बिघडत नाहीं. वीस किलोमीटरवर एका हौदाचें पाणी ढवळावयाचें राहतें, एवढेंच. मनगटांतला तो झोला एक पिढी चुकली कीं पुढच्या पिढीला शिकविणारा राहत नाहीं. वर्ध्याला आणि पुण्याला जें पुन्हां उभें करतां आलें, तें कोणी तरी जुना कागदी अजून हौदाशीं बसलेला होता म्हणून.

गांवांत गेलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट दिसेल. सांच्यांतून निघालेल्या तावाच्या चारी कडा ओबडधोबड, तंतु बाहेर आलेल्या असतात. पूर्वीं कागजी त्या कातरून ताव चौकोनी करीत, आणि ती कातरण पुन्हां हौदांत टाकीत. दप्तराला तशी कड चालत नसे. आजचें गिऱ्हाईक नेमकी तीच कड मागतें, म्हणून ती आतां कातरत नाहींत. मेणबत्तीवर कडा करपविण्याचे श्रम त्या तावाला लागत नाहींत.